सहा हजारांची काच आणि पन्नास हजारांचा हप्ता

मानेवाड्याहून एका स्कूल व्हॅनवाल्या भाऊंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"माझी व्हॅन सात वर्षं जुनी, २०२२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. पिवळी पाटी, परमिट सगळं आहे. मे महिन्यातल्या वादळात शेजारच्या शेडचा पत्रा उडून डाव्या बाजूवर आला. दाराच्या काचेचा चुरा झाला, मागची तडकली पण जागेवर आहे, मधली सरकती काच खरचटली आणि आता सरकत नाही. प्लास्टिक लावून गाडी चालवून राहिलो. काचवाला म्हणतो, तिन्ही नव्या टाकल्या तर ८,५००, अशाच दुरुस्त करून दिल्या तर ३,२००. शाळा दोन आठवड्यांवर आली. मार्चमध्ये बँकेचं कर्ज फिटलं म्हणून एप्रिलपासून इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टीचा केला, एजंट बोलला जुन्या गाडीला फुल कशाला. २० जूनला मुलाच्या पॉलिसीचा ५०,००० चा हप्ता आहे. ३०,००० जमलेत, बाकीचे मागच्या वर्षीसारखे पतसंस्थेतून उचलीन. काचेसाठी पॉलिसीवर लोन घेऊ का? आणि काच दुरुस्त करू की बदलू?"

सोबत घरचा जमाखर्च आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे. हे दोन्ही न मागता पाठवलंत, फार बरं केलंत.

काचेचं आधी सांगतो, ते सोपं आहे. बाजूच्या खिडक्यांना टफन्ड काच असते. समोरच्या काचेला खडा लागून टिकली पडली तर रेझिन भरून ती वाचवता येते, कारण तिथे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो. टफन्ड काचेत काही भरता येत नाही. ती एक तर शाबूत असते, नाही तर दाणे दाणे होऊन खाली येते. त्यामुळे दाराच्या काचेला दुरुस्ती नाहीच. ३,२०० मध्ये काचवाला तिथे अॅक्रिलिकची शीट बसवणार आणि त्यालाच दुरुस्ती म्हणणार. मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम खिडक्यांनाही सेफ्टी काच मागतो, आणि आत लेकरं बसणार आहेत. बदला.

मागच्या काचेचं मला जास्त खटकलं. टफन्ड काच तडा घेऊन अशी उभी राहत नाही. फिल्म लावलेली असेल तरच तुकडे धरून राहतात. फिल्म नसेल, तर बहुधा आधीच्या मालकाने तिथे घराच्या खिडकीची साधी काच कापून बसवलेली आहे. तिचे फुटल्यावर लांब टोकदार तुकडे होतात. कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ हा आकडा दिसतो का बघा. दिसो न दिसो, ही काच जाणारच. पण दोन्ही नव्या काचांवर तो शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही. "उभे राहा, मापाने कापून देतो" म्हणणारा साधीच काच देणार.

मधल्या सरकत्या काचेच्या कडेला टवका गेलेला नसेल आणि ओरखडा नखाला लागत नसेल, तर तिला हात लावू नका. ती सरकत नाही कारण पत्र्याने खालचं चॅनेल दाबलं असणार. चॅनेल सरळ करून आतली पट्टी बदलायला पाच-सातशे लागतील. म्हणजे दोन काचा, रबर, मजुरी आणि एक चॅनेल मिळून साडेसहा हजार. काच सोडवली, आता एजंटकडे येऊ.

फुल इन्शुरन्स असता तर वादळ आणि गारपीट दोन्ही त्यात बसतात. क्लेममध्ये काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावत नाहीत, रबरावर निम्मा लावतात. तरी मी तुम्हाला हा क्लेम करू दिला नसता. तीन वर्षं क्लेम नसल्याने तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ३५ टक्के झाला होता. गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम बोनसआधी ६,००० धरा. क्लेम केला की पुढच्या वर्षी ४५ ऐवजी शून्य, मग ५० ऐवजी २०, मग ५० ऐवजी २५. तीन वर्षांत सहा हजारांचा बोनस बुडतो, साडेसहा हजारांच्या क्लेमपायी.

एजंटचं म्हणणं काचेपुरतं खरं ठरलं, पण तेवढ्यापुरतंच. त्या वादळात पत्र्याऐवजी रस्त्याकडेचं झाड आलं असतं तर? व्हॅन आज अडीच लाखांची आहे, घरातल्या पाच रुपयांतले चार तीच आणते, आणि थर्ड पार्टीचा कागद दुसऱ्याचंच नुकसान भरतो, त्यातून तुम्हाला एक छदाम मिळाला नसता. बोनस वजा जाता चार हजारांची ही गोष्ट. ती सोडलीत, आणि पन्नास हजारांची मात्र इमानेइतबारे भरताय.

आता ती पॉलिसी. तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलेलं नाही, पण पत्राचा खरा विषय तीच आहे.

जून २०२२ मध्ये व्हॅनचं कर्ज करताना बँकेतल्या मॅडमनी "हे केलं तर फाइल लवकर पास होईल" म्हणून सही घेतली, असं तुम्ही लिहिलंय. कर्जाला पॉलिसी अशी बांधून विकता येत नाही. वरून सांगितलं, टॅक्स वाचेल. साडेतीन लाखांच्या उत्पन्नावर तुम्हाला टॅक्स बसतच नाही, वाचवायचा कुठला? आणि सांगितलं, ८ टक्के मिळतील. त्या कागदावर ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने छापलेले असतात. ते कंपनीच्या गुंतवणुकीबद्दलचे अंदाज असतात, तुमच्या हातात येणारा दर नव्हे, आणि त्यातला बरा दिसणारा रकाना तेवढा तुम्हाला दाखवला.

तुमच्या हातात काय येणार ते बघू. पन्नास हजार गुणिले पंधरा वर्षं म्हणजे साडेसात लाख भरायचे. शेवटी बोनससकट अकरा लाखांच्या आसपास मिळतील असं मॅडमच म्हणाल्या. हा दर पावणेपाच टक्के पडतो. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेतेरा लाख होतात.

बरं, विमा म्हणून तरी? तुम्हाला काही झालं तर घरच्यांना पाच लाख. घरखर्च महिना २४,०००. पाच लाख दोन वर्षंही पुरणार नाहीत. बँकेतल्याच प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो, सुरक्षा योजनेत २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. मॅडमनी हे दोन फॉर्म दाखवले नाहीत, कारण त्यात त्यांना फारसं काही सुटत नाही. तुमच्या मागच्या खिडकीत झालं तेच इथे झालंय: काचेच्या जागी काच दिसते, पण जिच्यासाठी ती असते ते काम ती करत नाही.

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. ही "मुलाची पॉलिसी". मुलगा आज दहा वर्षांचा, पैसे इंजिनिअरिंगसाठी. आठ वर्षांनी बारावी होऊन तो फी मागेल. पॉलिसी पिकायला बारा वर्षं आहेत. अकरा लाख हातात येतील तेव्हा पोरगा बाविशीत असेल. तीन हप्ते भरून झाले आणि हे कुणी बोटांवर मोजलं नाही, मॅडमनी नाही आणि, रागावू नका, तुम्हीही नाही.

आणि जे वाचून मी पेन खाली ठेवलं ते हे: गेल्या वर्षीचा हप्ता तुम्ही पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी ५०,००० उचलून भरलात. चौदाने कर्ज काढून पावणेपाचने गुंतवलं. यंदा पुन्हा वीस हजार तसेच उचलणार आहात, आणि काचेसाठी त्याच पॉलिसीवर तिसरं कर्ज.

तुमचाच जमाखर्च मांडतो. व्हॅनचे शाळेच्या दहा महिन्यांत खर्च वजा जाता महिना २८,०००, वहिनींच्या शिवणकामाचे महिना ६,०००. वर्षाचे साडेतीन लाख. घरखर्च दोन लाख नव्वद. उरले साठ हजार. त्यातून पॉलिसीचे पन्नास आणि पतसंस्थेचे वीस जायचे. वर्ष दहा हजारांनी तुटतं, काच फुटायच्या आधीच. तुम्हाला वाटतं बचत होतेय.

मग पॉलिसी सरेंडर करायची का, म्हणजे मध्येच सोडून मिळतील ते पैसे घ्यायचे का? इथे खरं सांगायला हवं की निव्वळ परताव्यावर पाहिलं तर आता फार फरक उरलेला नाही. दीड लाख भरलेत. तुमच्या काळातल्या अशा पॉलिसींना तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के आणि चौथ्यापासून ५० टक्के सरेंडर व्हॅल्यू आहे. २० जूननंतर चौथं वर्ष लागतं, म्हणजे ७५,००० धरू. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. ते ७५,००० आणि पुढचे बारा हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर अकरा लाख तीस हजारांच्या आसपास होतात. पॉलिसी चालू ठेवली तर अकरा. म्हणजे जे बुडायचं ते बुडून झालंय. तुमच्या बाबतीत मी तरीही सोडा म्हणतो, कारण हा हप्ता तुमच्या ऐपतीचा नाही, आणि दर जूनला तो तुम्हाला पतसंस्थेच्या दारात नेऊन उभा करणार. नुसती पेडअप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून, ठेवायचाही रस्ता आहे, पण मग पैसे बारा वर्षं अडकतात आणि १४ टक्क्यांचं कर्ज तसंच राहतं.

मात्र क्रम चुकवू नका. जमलेल्या ३०,००० मधून आधी काच, साडेसहा हजार. मग लगेच एजंटला सांगून थर्ड पार्टीची पॉलिसी पॅकेजमध्ये, म्हणजे फुल इन्शुरन्समध्ये, बदलून घ्या. मध्ये खंड पडल्यामुळे कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो आणि फोटो काढतो. फुटकी खिडकी त्यात आली तर अडचण, म्हणून काच आधी. तुमचा ३५ टक्के बोनस जुनी पॉलिसी संपल्यापासून ९० दिवस जिवंत असतो. एप्रिलमध्ये कोणत्या तारखेला संपली ते बघा, त्याप्रमाणे ही मुदत जूनअखेर ते जुलैअखेर कधीही संपेल, ऑगस्टमध्ये तर नक्कीच नाही. आरटीओच्या पासिंगलाही या खिडक्या बघतातच. गाडी आठ वर्षांची झाली की ते दरवर्षी असतं.

त्याच आठवड्यात साध्या टर्म विम्याचा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, अर्ज करा, चाळीस लाखांचा, साठीपर्यंतचा. एकोणचाळीसाव्या वर्षी, तंबाखू नसेल तर, वर्षाला ११,००० धरून चाला. खर्रा खात असाल तर तसं लिहा. लपवलंत तर तो कागद वहिनींच्या कामाचा राहणार नाही. उत्पन्नाचा पुरावा मागतील. आयटीआर भरत नसाल तर यंदापासून भरा. टर्मची पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सोडायची नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, २० जुलैपर्यंत जुनं संरक्षण चालू राहतं, तेवढा वेळ पुरतो.

काच, गाडीचा विमा, टर्म, सगळं मिळून साडेएकवीस हजार. तीसमधले साडेआठ उरतात. त्यानंतर सरेंडरचे ७५,००० आले की पतसंस्थेचे राहिलेले ३६,००० एका दमात फेडा. उरलेले ३९ आणि हे साडेआठ मिळून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार बचत खात्यात ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात व्हॅन उभी असते त्या दोन महिन्यांचा घरखर्च बरोबर तेवढाच आहे.

राहिला मुलगा. पुढच्या वर्षापासून साठ हजारांतून दोन्ही विमे जाऊन पंचेचाळीस उरतील. पंधरा गाडीच्या टायर-बॅटरीला ठेवा, महिना अडीच हजार पोस्टाच्या आरडीत टाका, सध्या ६.७ टक्के आहे. पाच वर्षांची असते, संपली की पुढे चालवा. तो अठराचा होईपर्यंत सात वर्षांत दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास होतील. अकरा लाख होणार नाहीत, त्या आकड्याचा नाद सोडा. पण हे पैसे तो अठरा वर्षांचा असताना हातात असतील, बाकीला सरकारी कॉलेजची फी आणि शैक्षणिक कर्ज आहे.

एक नक्की होईल. सरेंडरचा अर्ज दिला की बँकेतून फोन येईल, "सर, आता सोडलं तर नुकसान आहे, फक्त दोन वर्षं अजून भरा." आणखी दोन हप्ते म्हणजे एक लाख. त्यांना म्हणा, हे लेखी द्या, आणि कर्जासोबत ही पॉलिसी का दिली तेही त्याच कागदावर लिहा. जबरदस्तीने विकल्याची तक्रार बँकेकडे आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर जरूर करा. पैसे परत येतील या आशेवर मात्र थांबू नका. काचवाल्याला उद्या सकाळीच गाठा.