‘बस’ की ‘बसव’? : स्पॅनिशच्या आज्ञार्थाबद्दल वाचकांच्या शंका

प्रश्न : ‘खाली बस’ यासाठी मी ‘स्येंता’ लिहिलं. शिक्षकांनी पुढे ‘ते’ जोडून ‘स्येंताते’ केलं आणि वर तिरकी रेघही काढली. ‘ते’ कशासाठी आणि रेघ कशाची?

उत्तर : आधी ‘ते’. मराठीत ‘बसणे’ हे मूळ क्रियापद आणि त्याला ‘व’ लावून ‘बसवणे’ तयार होतं. स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे मूळ ‘सेंतार’ म्हणजे बसवणे, आणि ‘से’ जोडलं की ‘सेंतार्से’ म्हणजे बसणे. ‘आकोस्तार’ निजवणे, ‘आकोस्तार्से’ आडवं होणे. त्यामुळे ‘ते’ गाळून नुसतं ‘स्येंता’ म्हटलंत तर ऐकणारा ‘कुणाला बसवू?’ म्हणून थांबेल. ‘तू बस’ म्हणताना तो ‘ते’ हवाच.

आता रूप कसं करायचं ते पाहू. ‘सेंतार्से’मधला ‘से’ बाजूला ठेवा. उरलेल्या ‘सेंतार’चं वर्तमानकाळातलं ‘तो’चं रूप घ्या : ‘स्येंता’. ‘तू’ची होकारार्थी आज्ञा बहुतेक क्रियापदांत हीच असते. तिला ‘ते’ चिकटवा, मधे जागा सोडू नका. ‘आकोस्तार्से’चं याच वाटेने ‘आक्वेस्ताते’ होतं, ‘देस्पेर्तार्से’चं (जागं होणे) ‘देस्प्येर्ताते’ आणि ‘बेस्तीर्से’चं (कपडे घालणे) ‘बीस्तेते’. या शेवटच्या शब्दाची सुरुवात लिहिताना व्ही अक्षराने होते, पण उच्चार ब.

रेघ येते ती शब्दाचे उच्चारातले तुकडे मोजल्यावर. ‘स्येन-ता’मध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसऱ्या तुकड्यावर आहे. स्वर, एन किंवा एसने संपणाऱ्या शब्दात तिथेच आघात अपेक्षित असतो, म्हणून खूण लागत नाही. ‘ते’ जोडल्यावर ‘स्येन-ता-ते’ असे तीन तुकडे होतात. आघात जागचा हलत नाही, पण आता तो शेवटून तिसरा ठरतो. शेवटून तिसऱ्या तुकड्यावर आघात असेल तर रेघ सक्तीची आहे, अपवाद नाही.

वह्या तपासताना सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे रेघ चुकीच्या अक्षरावर असणं. ‘स्ये’ लिहिताना आय आणि ई अशी दोन रोमन अक्षरं येतात. रेघ ईवर. ती आयवर दिली तर जोडस्वराचे दोन सुटे स्वर होतात आणि वाचणारा ‘सी-एन-ता-ते’ असं वाचेल. ‘आक्वेस्ताते’मध्येही यूवर नाही, ईवरच.

प्रश्न : स्पेनच्या पुस्तकात ‘सेंताओस’ आहे, अर्जेंटिनातली सहकारी ‘सेंताते’ लिहिते. दोन्हीकडे ‘स्ये’ गेला कुठे? रेघही नाही!

उत्तर : दोन्ही रूपं बरोबर आहेत, आणि कारणही एकच आहे : धातूतला स्वर फुटतो (‘से’चा ‘स्ये’ होतो) तो आघात त्याच्यावर असतो तेव्हाच. हे एकदा कानात बसलं की तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

स्पेनमध्ये मित्रमंडळींना, घरच्यांना मिळून सांगताना ‘बोसोत्रोस’चं (‘तुम्ही सगळे’) रूप वापरतात. ‘सेंताद’ला ‘ओस’ जोडताना द गळतो आणि ‘सेंताओस’ होतं. आघात ‘ता’वर, म्हणून आधीचा ए शांत. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ चालतं. त्याच्या ‘सेंताते’तही आघात ‘ता’वर, म्हणजे शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, म्हणून रेघ नको. ‘चला, बसू या’ म्हणताना ‘सेंतेमोस’ला ‘नोस’ लावतात, आधीचा एस टाकतात : ‘सेंतेमोनोस’. इथे आघात ‘ते’वर जातो. स्वर फुटत नाही, पण शेवटून तिसरा तुकडा आल्यामुळे रेघ लागते. तो एस ठेवून ‘सेंतेमोसनोस’ लिहू नका.

‘ईर’ने संपणारी, स्वर बदलणारी क्रियापदं मात्र एक पाऊल पुढे जातात. ‘दोर्मीर्से’चं ‘दुर्मामोनोस’ होतं आणि ‘बेस्तीर्से’चं ‘बिस्तामोनोस’. आघात नसतानाही ओचा उ, एचा इ. ‘बोसोत्रोस’मध्ये पुन्हा मूळ स्वर : ‘दोर्मीओस’, ‘बेस्तीओस’, आणि इथे आयवर रेघ.

प्रश्न : पाहुण्यांना आदराने ‘बसा’ म्हणताना ‘स्येंतासे’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही. ‘बसा’ म्हणजे ‘स्येंतेसे’. ‘स्येंतासे’ हे ‘सेंतीर्से’चं, म्हणजे ‘वाटणे’चं रूप आहे. ‘स्वतःच्या घरी असल्यासारखं वाटू द्या’ म्हणताना ते शोभतं, खुर्ची पुढे करताना नाही. आपल्या ‘तुम्ही’ला स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’, आणि त्याच्या आज्ञेत शेवटचा स्वर उलटतो : ‘आर’वाल्यांना ए, ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांना आ. म्हणून सेंतार्से–स्येंतेसे, सेंतीर्से–स्येंतासे. एका स्वराने क्रियापदच बदलतं, तेव्हा या जोडीचा मोठ्याने सराव करा.

अनेकांना ‘बसा’ म्हणायचं तर ‘स्येंतेन्से’. एन क्रियापदाला, ‘से’च्या आधी. बोलताना काहींच्या तोंडी ‘स्येंतेसेन’ असं, एन मागे ढकललेलं रूप येतं. लेखनात आणि परीक्षेत ते चूकच धरलं जातं.

प्रश्न : ‘बसू नकोस’ला पण ‘ते’ मागेच लावायचा?

उत्तर : नाही, नकारात तो पुढे येतो आणि सुटा राहतो : ‘नो ते स्येंतेस’. रेघही जाते.

प्रश्न : ‘द्वेर्मे’ आणि ‘द्वेर्मेते’ दोन्ही ‘झोप’च ना?

उत्तर : मराठीतल्या ‘झोप’ आणि ‘झोपी जा’मध्ये जो फरक, तोच इथे. ‘दोर्मीर’ला बसवणे–बसणे ही जोडी लागू नाही, कारण ते मुळातच ‘झोपणे’ आहे. थकलेल्या मित्राला ‘आठ तास झोप’ म्हणताना ‘द्वेर्मे ओचो ओरास’. इथे ‘ते’ लावला तर वाक्य बिघडतं, कारण ‘ते’ने झोप लागण्याचा क्षण दाखवला जातो, झोपेची लांबी नाही. मांडीवरच्या बाळाला थोपटताना मात्र ‘द्वेर्मेते’. अंगाईत हमखास ऐकू येतं ते हेच रूप.