वाचकांचे प्रश्न : ॲलर्जी खरी, पण कोणती?

या वेळच्या पत्रांत तक्रारी वेगवेगळ्या आहेत, मागणी मात्र एकच : ॲलर्जीची चांगली गोळी सांगा. अशी सगळ्यांना चालणारी गोळी नसते. शरीराची संरक्षणव्यवस्था गरजेपेक्षा जास्त चवताळते त्याला अतिसंवेदनशीलता म्हणतात. जेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिचे चार प्रकार पाडले. मिनिटांत उठणारा पहिला, रक्तपेशींसारख्या आपल्याच पेशींवर उलटणारा दुसरा, काही तासांनी किंवा दिवसांनी येणारा तिसरा आणि एक-दोन दिवस दबा धरून बसणारा चौथा. म्हणून पत्र लिहिताना एक गोष्ट नक्की लिहा : संपर्क झाल्यावर किती वेळाने त्रास सुरू झाला?

प्रश्न : वडील ५५ वर्षांचे. दर पावसाळ्यात पापण्या, मान आणि कोपराची खोबण लाल होऊन कातडी जाड पडते. रात्रभर खाजवतात. गावात सुई घेतली की दहा-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रक्त खराब झालं असेल का? (दारव्हा तालुका)

रक्त खराब नाही. तुम्ही लिहिलेल्या जागा पाहा. हवेतली धूळ जिथे बसते आणि घामाने चिकटून राहते, त्याच या जागा आहेत. त्यात पावसाळ्यात वाढतं म्हणता, तेव्हा पहिला संशय धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाजर गवताचा. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य कातडीला लागलं की चौथ्या प्रकारची प्रतिक्रिया येते. ती उठायला एक ते तीन दिवस लागतात. सोमवारी धुरा साफ केला तर बुधवारी खाज सुटते आणि दोष जातो मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला! वांगी बंद करून उपयोग नाही.

सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या हिस्टामिन हे खाज आणणारं द्रव्य अडवतात. इथे मुख्य काम हिस्टामिनचं नसून टी पेशींचं, म्हणजे संरक्षणव्यवस्थेतल्या पांढऱ्या पेशींचं आहे, त्यामुळे गोळीने फार तर झोप लागते. सुई बहुधा स्टिरॉइडची असावी. गुण येतो तो खरा, पण वरचेवर घेतल्यास साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. मेडिकलमधून मिळणारी स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. कातडी पातळ होते. चेहऱ्यासाठी सौम्य मलम लागतं, जसं १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. पूर्ण चेहरा आणि मान यांना अशा अडीच रेघा पुरतात. किती दिवस लावायचं ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. दुखणं जुनं असेल तर ते अझाथायोप्रिन देतात, पण त्यासाठी रक्त नियमित तपासावं लागतं.

मलमाइतकंच महत्त्वाचं म्हणजे गवतापासून लांब राहणं. वडिलांनी ते उपटायचं नाही, वाळलेलंही हाताळायचं नाही; वाळलेल्याची धूळसुद्धा बाधते. घरातल्या दुसऱ्या कुणी प्लॅस्टिकचे हातमोजे घालून, जमिनीत ओल असताना आणि फूल यायच्या आधी ते मुळासकट काढावं. पडीक जागेवर लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून फवारलं तरी चालतं. वावरात मात्र हे करू नका, माती बिघडते. शेतातून आल्यावर आधी साबणाने आंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली आहेत, त्यांचाही त्रास होऊ शकतो.

खात्री करायची तर पॅच टेस्ट असते. पाठीवर पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात आणि नंतर दोनदा पाहतात. स्टिरॉइडची सुई नुकतीच घेतली असेल तर निकाल फसवा येतो, तेव्हा ते आधीच सांगा.

प्रश्न : कुटार (भुसा) भरलं की त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो, कोरडा खोकला, छाती आवळते. दोन दिवसांत उतरतो. न्यूमोनिया म्हणून तीनदा औषध झालं. थुंकी तपासली, क्षय नाही. (मोताळा तालुका)

दुपारी काम आणि रात्री ताप, म्हणजे मधे चार ते आठ तास. हे अंतर फार बोलकं आहे. अवकाळी पावसात भिजलेलं कुटार ढिगात तापतं आणि त्यात उष्णतेत वाढणारे जंतू व बुरशी माजते. ती भुकटी फुप्फुसाच्या थेट हवेच्या पिशव्यांत पोचते आणि तिथे तिसऱ्या व चौथ्या प्रकारची सरमिसळ होते. हा आजार शेतकऱ्यांचं फुप्फुस म्हणून ओळखला जातो. यात शिंका नसतात, छातीत शिट्टी वाजतेच असं नाही, त्यामुळे दम्याचा पंप फारसा उपयोगी पडत नाही. ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय प्रतिजैविकाला मिळतं, इथेच निदान चुकतं. असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर फुप्फुसात व्रण पडतात आणि ते भरून येत नाहीत.

पुढच्या वेळी डॉक्टरांना नुसता ताप सांगू नका, कुटाराचं सांगा. दोन झटक्यांच्या मधे एक्स-रे साफ दिसू शकतो; छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुंकरीची तपासणी लागते. कुटार खणखणीत वाळल्याशिवाय भरू नका. कुबट वास आणि हलवताच उडणारी पांढरी भुकटी दिसली तर तो भाग बाजूला काढा, तो ढोरांनाही चांगला नाही. हे काम तुम्ही सोडलेलंच बरं. नाइलाज असेल तर एन-९५ मास्क दोन्ही पट्ट्या बांधून वापरा. दुपट्ट्यातून ही भुकटी सहज आत जाते. उन्हाळ्यात कूलरसमोर असाच त्रास झाला तर जुन्या ताट्या फेका आणि टाकी आठवड्याला कोरडी करा.

प्रश्न : भावाला घोणस चावली. सलाइनमधून लस देताना गांधी उठल्या, उलटी झाली, रक्तदाब उतरला. सुई देऊन सावरलं. दहा दिवसांनी ताप आणि सांधेदुखी. लोक म्हणतात विष उरलं. पुन्हा साप चावला तर लस घ्यावी का? (मूल तालुका)

विष उरलेलं नाही. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, आणि दोन्ही वेळचा त्रास त्या परक्या प्रथिनांचा आहे.

पहिला झटका लस सुरू झाल्यापासून काही मिनिटांत ते तीनेक तासांत येतो. तेव्हा जीव वाचवतं ते ॲड्रिनलिन : मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन त्याची जागा घेऊ शकत नाहीत. दुसरा त्रास पाच ते चौदा दिवसांनी. शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं घोड्याच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे पुंजके कातडीत, सांध्यांत, मूत्रपिंडात अडकतात. हा तिसरा प्रकार. डॉक्टर पाच-सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या, ब्रुफेन नको, कारण घोणसीच्या विषाने मूत्रपिंडं आधीच दुखावलेली असू शकतात. लघवी कमी किंवा लाल झाली, तोंड सुजलं तर लगेच दवाखाना.

पुन्हा विषबाधा झाली तर लस घ्यायचीच. मात्र आधीचं डिस्चार्ज कार्ड दाखवा, म्हणजे डॉक्टर ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवतील. हातावर थेंब टोचून करायची चाचणी झटका येईल की नाही हे सांगत नाही; तिच्यात वेळ घालवू देऊ नका.

प्रश्न : सासूबाईंची कुष्ठरोगाची औषधं तिसऱ्या महिन्यात आहेत. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, करंगळीला मुंग्या येतात. गोळ्या गरम पडल्या म्हणून बंद केल्या. बरोबर केलं ना? (आरमोरी तालुका)

नाही. पाकीट घेऊन आजच आरोग्य केंद्रात जा. शरीर कुष्ठजंतूंवर तुटून पडतंय, त्याची ही चौथ्या प्रकारची प्रतिक्रिया आहे. गोळ्या थांबवायचं कारण नाही. करंगळीच्या मुंग्या म्हणजे कोपरातली नस सुजली आहे. वेळेत प्रेडनिसोलोन सुरू झालं तर नस वाचते, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. हे औषध काही महिने हळूहळू कमी करत न्यायचं असतं, मधेच सोडायचं नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. औषध सुरू केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ आणि डोळ्यांत पिवळेपणा आला तर ती कुष्ठरोगाच्या औषधांतल्या डॅप्सोनची प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा गोळ्या तिथेच थांबवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.