काळिमा गोड कसा?

दहावीची परीक्षा जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "कविता कळते, पण रसग्रहण जमत नाही." एक मुलगी त्याहून पुढे गेली. "मला काही वाटतच नाही. मी कोरडी आहे का?" आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मथळे तिला तोंडपाठ होते आणि त्यांखालची वाक्यंही.

पहिल्या काही भेटी धास्ती उतरवण्यातच गेल्या. मग मी बालकवींची 'औदुंबर' समोर ठेवली. आठच ओळी. "अर्थ सांगू नकोस. मोठ्यानं वाच, बोटानं ठेका धर." ऐल तटावर, पैल तटावर... आठ मात्रा, पुन्हा आठ, मग लांबलेला शेवट. चौथ्या वाचनाला तिचं बोट थांबलं.

"मॅडम, झरा वाहतो, पायवाट चालते. औदुंबर मात्र बसलाय."

मी मुद्दाम गप्प राहिले.

"पण मला डोहापाशी भीती वाटते. वहीत 'प्रसन्न निसर्गचित्र' लिहून दिलंय. म्हणजे माझंच चुकलं."

"कुठल्या शब्दाशी वाटली?"

"काळ्या." पुढची ओळ ती पुटपुटली आणि एकदम वर बघितलं. "इथे तर गोड काळिमा म्हटलंय! काळिमा गोड कसा?"

हा प्रश्न ऐकायला मी इतक्या भेटी थांबले होते. हिरव्या-निळ्यातून निघालेली पांढरी वाट काळ्या डोहाशी येते आणि तिथे भीती न राहता काहीतरी निवतं, हे तिनं स्वतः शोधलं. मुलांना भाव जाणवत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. जाणवलेला भाव छापील उत्तराशी जुळला नाही की ती तो गिळून टाकतात. आम्हा समुपदेशकांकडे येणारी मोठी माणसंही हेच करतात.

म्हणून पालकांनो, 'कवीला काय म्हणायचंय?' हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, कुठे अडखळलीस? कुठली ओळ हळू वाचावीशी वाटली? मग क्रियापदं आणि रंग बघायला सांगा. अलंकार त्यानंतर, पण ते टाळू नका. पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड ही चेतनगुणोक्ती, म्हणजे झाडाला माणसासारखं वागवणं, हे तिला आधीही पाठ होतं; जाणवलं मात्र आता.

पुढच्या भेटीला तिनं वही उघडली. 'प्रसन्न' खोडून खाली लिहिलं होतं, 'झाडाला डोहाची भीती नाही, म्हणून माझीही कमी झाली.'