नायट्रो रोलर कोस्टरवर पहिल्यांदा बसताना

कोकणकन्येने पहाटे पनवेलला उतरून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचा तुझा बेत चांगला आहे. फक्त सकाळी पातळ भाजीबरोबर दोनच पाव खा. तुडुंब पोटाने राइडवर चढणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

नायट्रोच्या गाडीला तळ नाही, पाय अधांतरी लोंबकळतात. चप्पल नको, घट्ट बांधलेले बूट घाल. मोबाइल, चष्मा, सुट्टे पैसे लॉकरमध्ये ठेव. खांद्यावरचा दांडा बसला की डोके मागच्या टेकूला चिकटवून ठेव. मान सैल सोडलीस तर वळणावर कान दांड्यावर आपटतात. सगळ्यांची तक्रार हीच असते, आणि उपाय इतका सोपा!

आणखी दोन गोष्टी:
- डोळे मिटू नकोस, पुढच्या रुळाकडे बघ. वळण आधी दिसले की मळमळ कमी होते.
- पहिल्या खेपेला मधली रांग धर. पुढचे डबे आधीच उताराला लागलेले असल्याने शेवटची रांग माथ्यावरून जोरात खेचली जाते.

उलटे होण्याचे पाच प्रसंग येतात, पण सीटवर तू घट्ट दाबलेला असतोस. भीती खरी चढावरच वाटते. गरगर फिरणाऱ्या राइड्स मात्र जेवणाआधी उरक. पावसाळ्यात जाऊ नकोस, विजा चमकू लागल्या की उंच राइड्स थांबवतात.