मायक्रोफायबरचं कापड पाणी टिपेनासं झालं, तर

तुम्ही लिहिलंय की गाडीसाठी सहा मायक्रोफायबर कापडं घेतली आणि तीन महिन्यांत ती कडक झाली. पाणी टिपण्याऐवजी पुढे ढकलतात, काचेवर पांढरी तूस सोडतात, आणि आता काळ्या बॉनेटवर बारीक गोल ओरखडे दिसायला लागलेत. धुता कसं तेही सांगितलंत, ते फार बरं केलंत: घरच्या धुण्याबरोबर मशीनमध्ये, बोअरचं पाणी, शेवटी वासाचं कंडिशनर, मग जुळे सोलापुरातल्या गच्चीवर दिवसभर ऊन.

कापड खराब निघालं असं मला वाटत नाही. आपण टॉवेलच्या गावचे आहोत, अडचण तिथे आहे. आपल्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे. टॉवेल कसा धुवायचा हे सोलापूरकराला कुणी शिकवत नाही. भरपूर साबण, दगडावर दोन आपट, कडक ऊन, आणि टॉवेल पुन्हा कामाला तयार. मीसुद्धा पहिली दोन वर्षं गाडीची कापडं अशीच धुतली आणि तुमच्यासारखेच ओरखडे पाहिले. सुती टॉवेलला ज्या सवयी मानवतात, त्या याला मानवत नाहीत.

कारण दोघांची पाणी धरण्याची रीतच वेगळी आहे. कापसाचा तंतू स्वतः पाणी पितो. मायक्रोफायबर हे पॉलिस्टर आणि नायलॉनचं मिश्रण, बहुतेक ८०-२० किंवा ७०-३० प्रमाणातलं. पॉलिस्टर पाणी जवळपास पीतच नाही. या कापडात एकेक तंतू उभा चिरून त्याच्या पाचरीसारख्या बारीक फाकी केलेल्या असतात. पाणी आणि धूळ धरली जाते ती त्या फाकींमधल्या फटींत. म्हणजे फटी मोकळ्या तोवर कापड जिवंत. त्या बुजवणारी प्रत्येक गोष्ट शत्रू समजा.

पहिला शत्रू कंडिशनर. कपडे मऊ लागावेत म्हणून ते तंतूवर पातळ थर चढवतं. साडीला ते चालतं, इथे तोच थर फटींवर बसतो. आजपासून बंद करा. वडीचा साबणही नको: क्षाराच्या पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो कापडातच राहतो. पावडर वापरलीत तर ती आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. मी मात्र लिक्विड डिटर्जंटच वापरतो, आणि तेही अर्ध्या बादलीला एक चमचा. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हे इथे खोटं आहे. न निघालेलं डिटर्जंटही फटीच बुजवतं.

दुसरा शत्रू तूस. नव्या सोलापुरी टॉवेलमधून पहिल्या काही धुण्यांत किती तूस निघते ते तुम्हाला माहीत आहे. मायक्रोफायबरचं कामच मुळी बारीक कण पकडून ठेवणं, त्यामुळे मशीनमधली सगळी तूस ते गोळा करतं आणि मग तुमच्या काचेवर सोडतं. ही कापडं कधीही सुती कपड्यांबरोबर टाकू नका. चार-सहा कापडांसाठी मशीन कशाला, वेगळी बादली पुरते. आणि दगडावर आपटणं, ब्रशने घासणं पूर्ण वर्ज्य. दगडावरची कच लवेत रुतते आणि तीच पुढे बॉनेटवर फिरते.

आता पाणी, कारण आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. उजनी धरणाचं नळाला येणारं पाणी रोज येत नाही, म्हणून धुण्याला आपण बोअरचं वापरतो आणि त्यात क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार तंतूत राहतो, कापड पापडासारखं ताठ होतं. तुमची कापडं कडक झाली त्यात याचा मोठा वाटा असणार. धुणं बोअरच्या पाण्यात झालं तरी चालेल, पण शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात करा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जमवता आलं तर उत्तम. ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मी उन्हाळ्यात रात्रभर कॅन लावून ठेवतो. एक चूक मात्र बऱ्याच जणांकडून काटकसरीपोटी होते: आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गाडीला आणि कापडाला वापरणं. आरओ क्षार बाजूला काढतो ते त्याच पाण्यात. ते फरशीला वापरा, गाडीला नको.

उन्हाबद्दल 'मायक्रोफायबर उन्हात वितळतं' असं ऐकायला मिळतं. ते खरं नाही. पॉलिस्टर वितळायला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. पण सत्तर-ऐंशी अंशांपासून ते मऊ पडून आकार बदलायला लागतं, म्हणून उकळतं पाणी, इस्त्री आणि ड्रायरची मोठी आच टाळायची. मशीनमध्ये धुतलंत तर ४० अंशांच्या वर जाऊ नका. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर कापड पसरणंही टाळा. सावलीत, वारा लागेल अशा दोरीवर घाला. हलकं कापड आपल्या कोरड्या हवेत पाहता पाहता वाळतं. वावटळीच्या दुपारी उघड्या गच्चीवर घालू नका, ओल्या कापडाला धूळ लगेच धरते. वाळलं की झटकून झाकणाच्या डब्यात. डिकीत मोकळं पडलेलं कापड मी रंगाला लावत नाही, धुतलेलं असलं तरी.

तुमची कापडं वाचतील असं मला वाटतं. आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकून ती तासभर भिजवा, म्हणजे पॉलिश, वॅक्स आणि कंडिशनरचा थर सुटेल. हाताने दाबत राहा, घासू नका. पाणी गढूळ निघतंय तोवर बदला. मग वेगळ्या अर्ध्या बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर किंवा चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवा. आंबटपणाने क्षार सुटतो. दोन्ही एकाच पाण्यात घालू नका, एकमेकांचं काम बिघडवतात. ब्लीच तर कुठल्याच टप्प्यावर नको, आणि आंबटाबरोबर ते धोक्याचं आहे: विषारी वायू निघतो. शेवटी साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून, न पिळता, दाबून निथळवा.

जमलं का ते पाहायला स्टीलच्या ताटात थोडं पाणी सांडा आणि कापड नुसतं वरून ओढा. एका ओढीत ताट कोरडं झालं तर कापड परत आलं. पाणी पुढे पळत असेल तर भिजवण पुन्हा एकदा करा. ओरखड्यांसाठी जुनी सीडी शोधा. तिच्या चकचकीत बाजूवर कोरडं कापड दाबून चोळा आणि उन्हात धरा. नवे ओरखडे दिसले तर ते कापड रंगाला लावायचं नाही. कडेची शिवण आणि कंपनीचं लेबलही ओरखडतं, म्हणून लेबल कापून टाका.

बॉनेटवरचे ओरखडे एकट्या कापडाने आले नसतील. आपल्याकडची धूळ गाडीवर कोरडी असताना कुठल्याही कापडाने पुसली, तरी ती रंगावर घासतेच. आधी पाण्याने धूळ उतरवा, मग कापड. कापडाची चौघडी केली की आठ बाजू मिळतात. बाजू मळली की बदलायची. हातातून जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी बाद, धुतल्याशिवाय परत घ्यायचं नाही.

सहांपैकी दोन तुम्ही चाकांना आणि इंजिनलाही वापरलीत, असं शेवटी लिहिलंय. ती दोन वाचवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेकची बारीक लोखंडी पूड त्यांच्यात बसलेली असणार आणि ती पूर्ण निघत नाही. त्यांचा एक कोपरा कात्रीने कापून खूण करा आणि चाकांनाच ठेवा, धुवायची बादलीही वेगळी. माझ्याकडे रंगावरून वाटणी होती, पण संध्याकाळच्या अंधारात निळं आणि करडं एकसारखंच दिसलं आणि चाकाचं कापड दरवाजावर फिरलं. तेव्हापासून मी कोपराच कापतो, तो अंधारातही बोटांना कळतो.