सगळ्यांना सवय होते, मग मलाच का नाही?

"मॅडम, अख्खी चाळ झोपते. मलाच हॉर्नचा त्रास होतो. माझं डोकं फिरतंय का?"

लालबागच्या उड्डाणपुलाला लागून, गाड्या धावतात त्याच उंचीवर या ताईंची खोली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरी शिवणकाम, गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. दिवसभर खांदे ताठ, संध्याकाळी मुलांवर खेकसणं, रात्री त्याचंच वाईट वाटून रडणं. समुपदेशनासाठी असे अनेक जण माझ्याकडे येतात. आपणच नाजूक आहोत, अशी बहुतेकांची समजूत असते.

तसं नसतं. गोंगाटाची सवय मनाला होते, शरीराला ती पुरती होत नाही. जाग आली नाही तरी झोपेत हॉर्नसरशी नाडी वाढू शकते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ताईंनी खिडकीशी मोबाइलवर मोजलं, तर आकडा सत्तरच्या वर. हे कळल्यावर त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे शेजारच्यांच्याही शरीराला त्रास होतच असेल की."

रक्तदाब, थायरॉईड डॉक्टरांकडून तपासून घेतलं. अंथरूण पुलाकडच्या भिंतीपासून हलवलं. आणि मी राणीची बाग सुचवली.

"तिथे तरी कुठे शांतता? बाहेर तोच आंबेडकर रस्ता!"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. झाडांची एखादी रांग आवाज फारसा अडवत नाही. पण ताण उतरायला पूर्ण शांतताच हवी असं नाही. स्वीडनमधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० जणांना आधी अवघड आकडेमोड करायला लावली, मग वेगवेगळे आवाज ऐकवले. कारंजं आणि पाखरं ऐकताना त्यांच्या त्वचेवर मोजलेला ताण वाहनांच्या गोंगाटापेक्षा लवकर उतरला.

पहिला आठवडा वाया गेला. हातात फोन, भराभर फेऱ्या, पावलांचा हिशेब. "घरी आले ती जास्तच दमून." चूक माझी होती, मी नुसतं "फिरून या" म्हटलं होतं. मग सांगितलं, फिरू नका. फाटकापासून लांब, आत जुन्या झाडांखाली वीस मिनिटं बसा. हॉर्न येतील, येऊ द्या. त्यांच्याशी भांडू नका, फक्त जवळचा एखादा आवाज शोधा.

त्यांना तांबट पक्ष्याचा आवाज सापडला. टुक, टुक, टुक, न थकता. पक्षी दिसत नव्हता म्हणून शोधायला मान वर गेली, आणि किती दिवसांनी आपण वर बघितलं, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

तिसऱ्या आठवड्यात सांगत होत्या, "हॉर्न ऐकू आला मॅडम, पण खांदे वर गेले नाहीत." झोप अजून तुटते. खेकसणं कमी झालंय, असं मुलगी म्हणते.

बुधवारी बाग बंद असते. त्या दिवशी चाळीच्या मागच्या बदामाखाली त्या खुर्ची टाकतात. मागच्या बुधवारी दोन टाकल्या, एक सासूबाईंसाठी.