हाओरान म्हणजे नक्की काय?

मुलाच्या वर्गातल्या नव्या मित्राचं नाव हाओरान आहे आणि भाषांतराच्या ॲपनं त्याचा अर्थ 'अफाट तसे' असा काढला, असं तुम्ही लिहिलंय. ॲपनं या चिनी नावाची अक्षरं सुटी वाचली, म्हणून ही गंमत झाली. 'हाओ' म्हणजे अफाट, दुथडी भरून वाहणारं. अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याची खूणही असते. 'रान'चा वेगळा अर्थ शोधू नका, इथे तो नुसता प्रत्यय आहे.

खरी गोष्ट या जोडीमागे आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मेन्शियस (चिनीत मंग-झ) या तत्त्वज्ञाला शिष्यानं विचारलं, तुमची हातोटी कशात? त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक म्हणजे आपली हाओरान 'छी' जोपासणं. ('छी' म्हणजे प्राणशक्ती. आपल्या कानाला कसंसंच वाटतं, पण उच्चार तोच.) म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला, सांगणं कठीण आहे. मग सांगितलंच: ही अतिविशाल, अतिकणखर, सचोटीनं जोपासली तर धरती-आकाशामधली सगळी जागा व्यापते. म्हणून मी हाओरानचा अर्थ 'विशाल' असा न सांगता 'ताठ कण्याचा' असा सांगेन. थांग राजवटीतला कवी मंग हाओरान (689-740) याचं तर आडनावही मेन्शियसचंच! पुढे सुंग राजवटीचा मंत्री वन थिएनश्यांग कुबलाई खानाच्या कैदेत पडला, तेव्हा तिथे लिहिलेल्या कवितेत त्यानं हाच शब्द आणला. तो शरण गेला नाही. 1283 मध्ये त्याला मारलं.

मात्र आधी त्या मुलाकडून नाव चिनी अक्षरांत लिहून घ्या. 'हाओ' दुसऱ्या अक्षरानंही लिहितात, वर सूर्य आणि खाली आकाश. तिथे अर्थ 'विस्तीर्ण नभ' असा होतो. काही घरांत पत्रिका पाहून, पंचतत्त्वांत पाणी कमी निघालं तर पाण्याचं अक्षर मुद्दाम घेतात. आपण जन्माक्षराचा आवाज बघतो, ते अक्षराच्या पोटात काय आहे ते बघतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली हौस मात्र तिथे चालत नाही, वडीलधाऱ्यांचं नाव टाळायचं असतं.

आणि हो, त्याच संवादात मेन्शियस एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. रोपं लवकर वाढावीत म्हणून तो ती वर ओढत बसला आणि सगळी वाळली. मुलाचं नाव हाओरान ठेवून त्याला चार-चार शिकवण्यांना पाठवणारे पालक मी पाहिलेत, तेव्हा हा शेतकरी हटकून आठवतो.